कस्टम इन-इअरसाठी ॲक्रिलिक घ्यावं की सिलिकॉन? गाताना डाव्या कानाचं सील सुटतं

गाणारी_नाशिककर

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहिते, कारण सगळं सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही. मी गाते, आमचा छोटा ग्रुप आहे, लग्नाचे संगीत, कंपन्यांचे कार्यक्रम, दिवाळीत पहाटेचे कार्यक्रम आणि मधूनमधून कालिदास नाट्यगृहात एखादा थीम शो. आत्तापर्यंत समोर वेज, म्हणजे आपल्याकडे तोंड केलेला स्टेजवरचा स्पीकर ठेवून गात होतो पण आता सगळ्यांनी मिळून ठरवलंय की इन-इअरवर, म्हणजे कानात घालून स्वतःचा आवाज ऐकायच्या मॉनिटरवर जायचं, कारण गंगापूर रोडच्या लॉनवर कार्यक्रम असला की ढोलकी, ऑक्टोपॅड आणि मागून येणारा मेन स्पीकरचा घुमारा यात स्वतःचा आवाजच सापडत नाही, मग नकळत ओरडून गायलं जातं आणि दुसऱ्या दिवशी गळा बसलेला असतो.

सध्या एक साधं युनिव्हर्सल, म्हणजे मापाचं नसलेलं तयार इन-इअर वापरतेय. सोबत आलेल्या रबराच्या सगळ्या साइज लावून बघितल्या, फोमच्या टिप्स पण बघितल्या. उजवा कान ठीक आहे. डाव्याचं असं होतं की नुसतं उभं राहून ऐकलं तर छान बसतं, बेस पण भरपूर येतो, पण तोंड उघडून वरचा सा लावला रे लावला की सील सुटतं, बेस एकदम गायब होतो आणि बाहेरचा सगळा गोंगाट आत येतो. गाणं चालू असताना बोटाने परत आत ढकलावं लागतं, आणि प्रेक्षकांना वाटतं हिचा कान दुखतोय.

म्हणून कानाचं माप देऊन कस्टम करून घ्यायचा विचार आहे. माझ्यासाठी पैसे खूप आहेत, परत परत होणारी खरेदी नाही, त्यामुळे आधीच विचारते. ॲक्रिलिकचं कडक शेल घ्यावं की सिलिकॉनचं मऊ? गाणाऱ्याला काय जास्त चालतं? माप घ्यायला मुंबईलाच जावं लागेल की इथे श्रवणयंत्रवाल्यांकडे होईल? आणि सगळ्यात मोठी भीती ही की कस्टम करूनही तोंड उघडल्यावर सील सुटलं तर काय करायचं?

बेस_सातपूर

ताई, मी बेस वाजवतो, माझं ॲक्रिलिक आहे आणि मी त्यावर एकदम समाधानी आहे. ॲक्रिलिकचा मोठा फायदा म्हणजे त्याच्यावर काम करता येतं. कुठे टोचत असेल तर लॅबवाले तेवढी जागा घासून परत पॉलिश करतात, कुठे ढिलं असेल तर तिथे थर चढवून यूव्ही लाइटखाली पक्का करतात. आतला एखादा ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा छोटा स्पीकर गेला तर वरची फेसप्लेट उघडून बदलता येतो. कान बदलला तर तेच ड्रायव्हर काढून नवीन शेलमध्ये बसवता येतात, त्याला रीशेल म्हणतात. कस्टम स्टेजवर रुळलं त्यात एक गोष्ट नेहमी सांगतात, १९९५ मध्ये जेरी हार्वी व्हॅन हेलनचे साउंड इंजिनिअर होते आणि त्यांनी ड्रमर ॲलेक्स व्हॅन हेलनसाठी कानाच्या मापाचे मॉनिटर बनवले, त्यातूनच अल्टिमेट इअर्स कंपनी उभी राहिली. तेव्हापासून आजपर्यंत स्टेजवर जास्त करून ॲक्रिलिकच दिसतं, म्हणजे काहीतरी अर्थ असेल ना त्यात.

घालायला काढायला पण सोपं, गुळगुळीत असल्यामुळे थोडं फिरवून आत सरकतं. मी वाजवताना तोंड बंदच ठेवतो त्यामुळे सील सुटायचा प्रश्न मला आला नाही, तुमच्या बाबतीत मात्र गाणाऱ्या लोकांचं ऐका.

केबल बदलता येणारीच घ्या एवढं नक्की सांगतो. जोडणीची पिन टू-पिन ०.७८ मिमी किंवा एमएमसीएक्स, दोन्ही पैकी काहीही चालेल, पण केबल ही सगळ्यात आधी खराब होणारी गोष्ट आहे आणि आपल्याकडचा घाम बघता तर जास्तच.

कानमाप_वाली

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, नाशिकमध्येच काम करते. क्लिनिकचं नाव इथे टाकत नाही, जाहिरात नको. ताई, तुमचा प्रश्न मटेरियलचा वाटतोय पण मला तो मापाचा वाटतो, आणि हे मी जरा सविस्तर लिहिते कारण यात लोकांचे पैसे खरंच वाया जाताना बघितलेत.

आधी सील का सुटतं ते. कानाची नळी प्रौढ माणसात साधारण २५ मिमी लांब असते. बाहेरचा एक तृतीयांश भाग कुर्चेचा म्हणजे मऊ हाडाचा, आतला दोन तृतीयांश पक्क्या हाडाचा. जबड्याचा सांधा या नळीच्या अगदी पुढे लागून आहे. तुम्ही करंगळी कानात ठेवून तोंड उघडबंद करा, लगेच कळेल. तोंड उघडलं की जबड्याचं टोक पुढे सरकतं आणि कुर्चेच्या भागाची पुढची भिंत त्याच्याबरोबर ओढली जाते, म्हणजे नळी तिथे रुंद होते. युनिव्हर्सलची टिप नेमकी त्याच भागात बसलेली असते. नळी रुंद झाली, फट पडली, आणि फट पडली की सगळ्यात आधी खालचे सूर निघून जातात. म्हणून तुमचा बेस गायब होतो. डाव्या उजव्या कानात फरक असणं तर अगदी नेहमीचं आहे, जबडा एका बाजूला जास्त उघडणारे कितीतरी लोक असतात.

आता माप. श्रवणयंत्रासाठी आम्ही जे इम्प्रेशन, म्हणजे कानाचा साचा घेतो ते बऱ्याचदा तोंड बंद ठेवून आणि तेवढं खोल न जाता घेतलं जातं, त्या कामाला ते पुरतं. स्टेजच्या इन-इअरसाठी ते पुरत नाही. नळीला दोन वळणं असतात. इम्प्रेशन दुसऱ्या वळणाच्या पलीकडे थोडं गेलेलं पाहिजे, म्हणजे शेल बनवणाऱ्याला नळी पुढे कुठल्या दिशेने जाते ते दिसतं आणि आवाजाचं तोंड पडद्याकडे वळवता येतं. आणि इम्प्रेशन घेताना तोंडात बाइट ब्लॉक धरायचा, साधारण एक इंच उंचीचा, दाताखाली धरून स्वस्थ बसायचं, बोलायचं नाही, चावायचं नाही, मान वळवायची नाही. असं केलं की माप रुंद झालेल्या नळीचं येतं, मग गाताना तोंड उघडलं तरी शेल भरून राहतं. तोंड बंद असताना किंचित घट्ट वाटेल, ते चालतं. ब्लाउजचं माप दंड वाकवून बघतात ना, तसंच आहे हे, ज्या हालचालीत वापरायचं त्या हालचालीत माप.

आधी काय होतं तेही सांगते म्हणजे तुम्हाला समोर बसल्यावर समजेल की काम नीट चाललंय. पहिल्यांदा ऑटोस्कोपने आत बघायचं. मळ असेल तर आधी साफ करून घ्यायचा, तोही डॉक्टरांकडून, घरी काडी घालून नाही. पडद्याला भोक आहे का, कान वाहतो का, लहानपणी कानाचं ऑपरेशन झालंय का, हे विचारलं पाहिजे, आणि त्यातलं काही असेल तर कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय कानात मटेरियल भरायचं नाही, यात घाई अजिबात नको. मग दोरा बांधलेला फोमचा किंवा कापसाचा छोटा बोळा दुसऱ्या वळणाच्या पुढे ठेवतात, तो पडद्याचं रक्षण करतो. तो बोळा न ठेवता कोणी सिरिंज हातात घेतली तर खुशाल उठून या. त्यानंतर दोन भाग मिसळून केलेलं मऊ सिलिकॉन सिरिंजने किंवा गनने भरतात, काही मिनिटांत ते घट्ट होतं, कान आतून भरल्यासारखा वाटतो, ऐकू कमी येतं, थोडा थंडावा लागतो, पण दुखत नाही. खोकला येऊ शकतो, कारण कानाच्या नळीतली एक नस घशाशी जोडलेली आहे, त्याला घाबरू नका.

बाहेर काढल्यावर स्वतः बघा. दोन्ही वळणं स्पष्ट दिसली पाहिजेत, कानाच्या बाहेरची वाटी पूर्ण भरलेली पाहिजे, वरची कडेची खाच आलेली पाहिजे, कुठे हवेचे बुडबुडे किंवा खड्डे नकोत. खड्डा असेल तर परत घ्यायला सांगा, संकोच करू नका, मी स्वतः मनासारखं नाही आलं तर दुसऱ्यांदा घेते. आणि इम्प्रेशन कापूकुपू देऊ नका. ट्रिम करायचं काम लॅबचं.

मुंबईला जायची अजिबात गरज नाही. कॉलेज रोड, शरणपूर रोड, नाशिक रोड, सगळीकडे श्रवणयंत्राची क्लिनिक्स आहेत. फक्त फोनवर आधीच विचारा की बाइट ब्लॉक आहे का, दुसऱ्या वळणाच्या पुढे माप घेता का, आणि म्युझिशियनसाठी याआधी घेतलंय का. ज्या कंपनीकडून घेणार तिच्या इम्प्रेशनच्या सूचना प्रिंट काढून सोबत न्या, कारण प्रत्येकीची मागणी थोडी वेगळी असते.

गाणारी_नाशिककर

बापरे मॅडम, इतकं कोणी सांगितलंच नव्हतं. खूप आभार. म्हणजे मटेरियलने काहीच फरक पडत नाही का? सिलिकॉन मऊ असतं, तोंड हललं की ते पण हलेल, असं मला एका मित्राने ठामपणे सांगितलं. आणि अजून एक, खोल शेल घातलं की माझाच आवाज मला डोक्यात घुमल्यासारखा येईल ना? आत्ताही कान बोटाने बंद करून गायलं की तसंच होतं आणि सूर कळत नाही.

कानमाप_वाली

फरक पडतो, पण मापाच्या नंतर.

सिलिकॉनचा मऊपणा शोर नावाच्या मोजमापात सांगतात. कानाच्या मोल्डसाठी साधारण शोर २५ ते ७० पर्यंतचं वापरतात, आकडा जितका कमी तितकं मऊ. इन-इअरसाठी फार मऊ चालत नाही, ड्रायव्हर आणि नळ्या आत धरून ठेवायच्या असतात, म्हणून ४० ते ६० च्या आसपासचं जास्त दिसतं. ते कातडीला धरून राहतं, घामात पण सरकत नाही, आणि जबडा हलला तर थोडं दबतं थोडं फुलतं. तुमच्या मित्राचं म्हणणं इथपर्यंत बरोबर आहे. पण माप तोंड बंद ठेवून घेतलेलं असेल तर नळी जितकी रुंद होते तितकं सिलिकॉन फुलत नाही. ते रबराचा ठोकळाच आहे, फुगा नाही. उलट तोंड उघडं ठेवून घेतलेल्या मापाचं ॲक्रिलिक कितीतरी गाणारे लोक वर्षानुवर्षं आरामात वापरतात.

सिलिकॉनच्या अडचणी पण ऐका. घालताना अडकतं, बहुतेकांना थेंबभर कानासाठीचं ल्युब्रिकंट लागतं. कडा पातळ असेल तर फाटू शकते. आणि बेसवाल्या दादांनी म्हटलं तसं दुरुस्तीचं काम ॲक्रिलिकमध्ये सोपं, सिलिकॉनमध्ये ड्रायव्हर बहुतेक वेळा मटेरियलमध्येच गाडलेले असतात, काही बिघडलं तर शेल फोडून परत नवीन ओतावं लागतं. घासून फिट सुधारणं पण सिलिकॉनमध्ये तितकं जमत नाही. म्हणजे सिलिकॉन घ्यायचं असेल तर माप पहिल्याच वेळी बरोबर येणं अजून महत्त्वाचं.

ॲक्रिलिकचं एकच सांगते, काही लोकांच्या कातडीला त्याची ॲलर्जी असते, म्हणजे नीट न पिकलेल्या रेझिनमधल्या मोनोमरची, म्हणजे कच्च्या राहिलेल्या घटकाची. नेल एक्स्टेन्शन केल्यावर बोटांना खाज येत असेल तुम्हाला कधी, तर लॅबला आधी सांगा.

घुमण्याबद्दल साउंडवाले दादा सांगतील तर बरं, पण कानाची बाजू मी सांगते. आपला आवाज हाडांतून आणि कुर्चेतून कानाच्या नळीत शिरतो. नळी उघडी असली की तो बाहेर निघून जातो, बंद केली की आत अडकतो आणि खालचे सूर मोठे वाटतात. बोटाने कान बंद केला की तुम्ही कुर्चेचा भागच बंद करता, म्हणून सगळ्यात जास्त घुमतं. शेल जर हाडाच्या भागापर्यंत जाऊन तिथे बसलं तर कंप पावणारी कुर्चाच शेलने धरून ठेवलेली असते, आणि घुमणं कमी होतं. म्हणजे खोल शेल हे घुमण्याचं कारण नाही, बऱ्याच अंशी उपाय आहे. मात्र हाडावरची कातडी फार पातळ असते, तिथे कडक टोक टोचलं तर खरंच दुखतं. त्यामुळे किती खोल जायचं हे कानागणिक ठरतं, आणि काही कंपन्या यासाठीच नळीचं टोक मऊ आणि बाकी शेल कडक असं दोन्ही एकत्र करतात.

मिक्सर_पंचवटी

मॅडमनी कान सांगितला, मी मिक्सरच्या बाजूने सांगतो. अनेक वर्षं लाइव्ह साउंड करतोय, गोदाघाटावरच्या कार्यक्रमापासून लग्नाच्या लॉनपर्यंत.

घुमण्याबद्दल, गाणाऱ्याच्या कानात त्याचा आवाज पाठवताना मी खालचा भाग कापतो, समोरच्या प्रेक्षकांना जो आवाज जातो त्यापेक्षा जास्त कापतो, कारण तो भाग हाडातून तसाही पोचतोय. वरचा स्पष्टपणा ठेवतो आणि अगदी थोडा रिव्हर्ब, म्हणजे खोलीतल्यासारखा घुमारा देतो, कोरडा आवाज कानात दिला की गाणारे घाबरतात आणि जोर लावतात. स्टेजच्या कडेला एक दोन माइक प्रेक्षकांकडे तोंड करून लावायचे आणि ते फक्त इन-इअरमध्ये द्यायचे. नाहीतर पहिल्याच गाण्याला तुम्हाला काचेच्या खोलीत बंद केल्यासारखं वाटेल, टाळ्या ऐकू येणार नाहीत, सोबतचा काय बोलला कळणार नाही, आणि मग लोक जे करतात ते कृपया तुम्ही करू नका.

लोक एक कान काढतात. हे मी कळकळीने सांगतोय. दोन्ही कानांनी ऐकताना आवाज मेंदूला मोठा वाटतो, एक काढला की दुसऱ्यात तेवढाच वाटायला आवाज वाढवावा लागतो, आणि जो उघडा आहे त्यात पूर्ण स्टेजचा मारा. दोन्ही कान खराब व्हायचा रस्ता आहे तो. सील नीट बसलं नाही तरी हेच होतं, बेस येत नाही म्हणून गाणारा खुणा करतो, वाढव वाढव, मी वाढवतो, आणि बेस काही येत नाही पण बाकी सगळं कानावर आदळतं. ढिल्या फिटिंगचा खरा धोका हा आहे. अमेरिकेतल्या नायॉशची, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या सरकारी संस्थेची शिफारस आहे की ८५ डेसिबल आठ तास, आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ अर्धा. म्हणजे ९४ ला एक तास आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. आपले संगीतचे कार्यक्रम दोन-तीन तास चालतात, हिशोब तुम्हीच करा. चांगल्या बसलेल्या कस्टमला बऱ्याच कंपन्या बाहेरचा आवाज २६ डेसिबलच्या आसपास कमी होतो असं लिहितात, मग आत कमी आवाजात सगळं ऐकू येतं. इन-इअरने कान वाचतात ते एवढ्यासाठीच, आवाज कमी ठेवला तरच. बेल्टपॅकमधला, म्हणजे कमरेला लावायच्या रिसीव्हरमधला लिमिटर (आवाज ठराविक मर्यादेपुढे जाऊ न देणारा) चालू आहे ना ते पण बघा.

मटेरियलचं माझं मत, मी सिलिकॉनच्या बाजूचा आहे. शिकागोची सेन्साफोनिक्स, ऑडिओलॉजिस्ट मायकल सांटुची यांची कंपनी, स्टेजसाठी सिलिकॉनच करत आलेली आहे, आणि त्यांचा सगळा भर कान वाचवण्यावर आहे. नाचत गाणारे, सतत तोंड वेडंवाकडं करणारे जे कलाकार असतात त्यांच्या कानात मला सिलिकॉनच जास्त स्थिर दिसलंय. पण बजेट एकदाच खर्च होणार असेल आणि पुढे दुरुस्ती लागणार असेल तर ॲक्रिलिकला नाही म्हणणार नाही.

बेस_सातपूर

मिक्सर दादा, स्थिर दिसलं म्हणजे त्यांचं माप पण बाइट ब्लॉक लावून घेतलेलं असेल ना? मग श्रेय सिलिकॉनचं की मापाचं हे कसं कळणार?

मिक्सर_पंचवटी

मान्य, तसं वेगळं काढून सांगता येत नाही. ज्यांचं सिलिकॉन मी बघितलं ते सगळे चांगलं माप देऊन आलेले होते. तरी घामाच्या बाबतीत मी ठाम आहे, मे महिन्यात रात्री लॉनवर ॲक्रिलिक हळूहळू बाहेर यायला लागतं, हे मी समोर उभं राहून बघितलंय.

ताशा_सिडको

मध्येच घुसते, विषय थोडा वेगळा आहे पण मॅडम इथे आहेत म्हणून विचारते. मी ढोल-ताशा पथकात ताशा वाजवते. आपल्या नाशिक ढोलाचं सगळीकडे कौतुक होतं, ते ऐकून छाती भरून येते, पण सराव सुरू झाला की रोज संध्याकाळी घरी गेल्यावर कानात कुईं आवाज राहतो. कापूस घालून बघितला, काही फरक नाही. मला इन-इअर नको, गाणं ऐकायचं नाही, फक्त कान वाचवायचेत. असं मापाचं काही मिळतं का? ठेका मात्र कळला पाहिजे, आणि ढोलवाले काय इशारा देतात ते पण.

कानमाप_वाली

बरं झालं विचारलंत. कुईं आवाज राहतो म्हणजे कान थकल्याचं सांगतोय, ते हलक्यात घेऊ नका, एकदा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी करून घ्या म्हणजे आज कान कुठे आहे त्याची नोंद राहील. रात्रभर जाऊन सकाळीही आवाज राहिला किंवा एका कानात जास्त असेल तर लगेच दाखवा.

कापसाने जवळजवळ काहीच थांबत नाही. फोमचे पिवळे प्लग थांबवतात, पण वरचे सूर जास्त थांबवतात आणि खालचे कमी, त्यामुळे सगळं गोधडीतून ऐकल्यासारखं होतं आणि वाजवणारा वैतागून काढून टाकतो. तुमच्यासाठी वेगळे असतात, कानाच्या मापाचा सिलिकॉनचा मोल्ड आणि त्यात बसवायचा फिल्टर. एटिमोटिक कंपनीने म्युझिशियनसाठी असे फिल्टर आणले, ९, १५ आणि २५ डेसिबलचे, ते सगळे सूर साधारण सारखेच कमी करतात. ठेका तसाच, इशारा तसाच, फक्त सगळं हळू. मोल्ड एकच, फिल्टर बदलता येतात. ताशाचा कडकडाट कानाच्या अगदी जवळ असतो आणि तुम्ही पूर्ण घोळक्यात उभ्या असता म्हणून तुम्हाला २५ चा सुचवेन, दूर उभं राहून टोल देणाऱ्याला १५ पण चालेल.

यात मटेरियल म्हणाल तर सिलिकॉनच. आतमध्ये ड्रायव्हर नाही, दुरुस्तीचा प्रश्न नाही, घाम, धक्के, उड्या, गर्दीत कोणाचा कोपर लागला तर कडक ॲक्रिलिक कानात नको. मापाची पद्धत वरचीच, मधे मधे जयघोष करता तुम्ही, म्हणजे तोंड उघडं ठेवूनच द्या. गणपतीच्या आठ-दहा दिवस आधी येऊ नका, मोल्ड करून यायला वेळ लागतो आणि एकदा बसवून बघून बदल करायलाही दिवस हवेत. आणि पथकातल्या लहान मुलांचं माप घेतलं तर लक्षात ठेवा, कान वाढतो, मोल्ड परत करावा लागतो.

ताशा_सिडको

सरावाच्या आधीच करून घेते, आणि पथकात पण सांगते. आमच्याकडे कान झाकणं म्हणजे दम नाही असं समजतात काही जण, त्यांना हे वाचायला देणार आहे.

गाणारी_नाशिककर

सगळं परत परत वाचलं. माझं असं ठरतंय की ॲक्रिलिक घ्यायचं पण बाइट ब्लॉक लावून, दोन्ही कानांचं, एकाच वेळी, दुसऱ्या वळणाच्या पुढे. घाम मला फार येत नाही आणि दुरुस्तीची सोय मला जास्त महत्त्वाची वाटते. मिक्सर दादा रागावू नका. दोन शंका राहिल्या. माप देऊन लगेच ऑर्डर केली नाही तर ते इम्प्रेशन किती दिवस चालेल, आणि वस्तू आल्यावर बरोबर बसलंय की नाही हे मी घरी कसं ओळखायचं?

मिक्सर_पंचवटी

रागवायचं काय त्यात, तुमचे कान, तुमची गरज. फक्त पहिल्या कार्यक्रमाला सरळ नवीन घालून येऊ नका, आधी दोन-तीन रिहर्सलला घाला. कानात मिक्स कसा हवा हे पण तेव्हाच ठरवून ठेवू.

कानमाप_वाली

हल्लीचं इम्प्रेशन सिलिकॉन बऱ्यापैकी आकार धरून ठेवतं, पूर्वीचं पावडर-लिक्विडवालं उन्हात आणि कुरिअरमध्ये आकार सोडायचं. पण प्रश्न इम्प्रेशनचा कमी आणि कानाचा जास्त आहे. वजन बरंच कमी-जास्त झालं, दाढा काढल्या, दातांचं मोठं काम झालं, तर नळीचा आकार बदलतो. तीन-चार महिन्यांपेक्षा जुनं माप मी वापरू देत नाही. पाठवताना कडक डबीत, एकावर एक न ठेवता, कापूस ठासून न भरता पाठवा, कारण दाबाने नळीचं टोक वाकतं. लॅब आता इम्प्रेशन स्कॅन करून शेल थ्रीडी प्रिंट करतात, त्यांना विचारून घ्या की तुमची फाइल जपून ठेवतात का, पुढे रीशेलला किंवा एक हरवला तर उपयोगी पडते.

आल्यावर आधी घालायला शिका. नळीचं टोक आधी आत, मग पूर्ण तुकडा पुढे-मागे थोडा फिरवत वाटीत बसवायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा. काढताना केबल ओढायची नाही, शेल धरून फिरवत काढायचं.

मग अगदी कमी आवाजात बेस भरपूर असलेलं एक ओळखीचं गाणं लावा. तोंड बंद ठेवून ऐका, मग हळूहळू पूर्ण तोंड उघडा, मोठी जांभई द्या, मान दोन्हीकडे वळवा, हसा. बेस एका क्षणासाठीही बारीक झाला तर तो कान लिहून ठेवा आणि कोणत्या हालचालीला झाला तेही लिहा, जांभईला की हसण्याला की मान डावीकडे वळवल्यावर. नुसतं ढिलं आहे असं लॅबला कळवलं तर ते सगळीकडे थर चढवतात आणि मग दुसरीकडे टोचायला लागतं. टोचत असेल तर काढल्यावर लगेच आरशात बघा, कातडीवर लाल ठिपका दिसेल, त्याचा फोटो पाठवा. थोडा घट्टपणा पहिल्या काही दिवसात कमी होतो, पण दुखणं कमी होत नसतं, दुखत असेल तर सवय होईल म्हणून सहन करू नका.

बहुतेक कंपन्या फिटिंग मोफत सुधारून देतात पण त्याला मुदत असते, बरेचदा ३० दिवसांची. ऑर्डर करतानाच ती तारीख विचारा, आणि परदेशी कंपनी असेल तर पार्सल परत पाठवण्याचा खर्च आणि कस्टम ड्युटीचं काय तेही. कार्यक्रम नसलेल्या महिन्यात मागवा म्हणजे ती मुदत कपाटात पडून संपणार नाही.

बेस_सातपूर

आणि पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी टाकलेल्या डबीतच ठेवा. बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हरला, म्हणजे इन-इअरमधल्या त्या नाजूक प्रकारच्या ड्रायव्हरला ओल अजिबात सहन होत नाही. कार्यक्रम झाला की कोरड्या कापडाने पुसायचं, नळीच्या तोंडाशी मळ असेल तर सोबत येणाऱ्या तारेच्या लूपने हलकेच काढायचा, तोंड खाली धरून, म्हणजे आत पडत नाही. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात तर कधीच नाही.